बाळंतिणीचा हंडा

आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. घराण्यातच कशाला, वाटूरपासून मंठ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जेवढी गावं आहेत त्यांतल्या बायकांत मीच पहिली, आणि हे सांगायला मला आजही संकोच वाटत नाही. नम्रता हा गुण ज्यांच्या घरी तीन पिढ्या शिकल्या त्यांना परवडतो. माझ्या आजोबांचा अंगठा होता, वडिलांची सही होती, तीही उर्दूत, आणि मी मात्र थेट औरंगाबादला कॉलेजात. परत आले तेव्हा गावाने माझं नाव घ्यायचंच सोडलं. लहानथोर सगळे 'बी.ए.बाई' म्हणू लागले. त्यात निम्मा मान होता, निम्मा टोमणा. मी दोन्ही निम्मे ठेवून घेतले.

हैदराबादचं राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात गेलो, त्या सुमारास विकास गटात मला समाजशिक्षण संघटिकेची नोकरी लागली. काम म्हणजे गावोगाव बायका जमवायच्या, शिवण शिकवायचं, बिनधुराची चूल दाखवायची आणि भजन संपलं की स्वच्छतेवर चार शब्द बोलायचे. बाईच्या अंगाविषयी सरकारला एवढंच ठाऊक होतं की त्याला झंपर लागतो. त्याच्या खाली काय असतं, ते कसं ताणतं आणि कसं सैल पडतं, याचं खातंच नव्हतं.

मी घरूनच ये-जा करायचे. वडील वारले होते. घरात आई, दादा, वहिनी आणि त्यांची दोन लेकरं. वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते.

एक दिवस विहिरीवर मी तिच्या मागे उभी होते. तिने भरलेला हंडा कठड्यावर ठेवला, उचलायला वाकली, आणि मध्येच थांबली. गुडघे एकमेकांना दाबून धरले, ओठ दातांत.

"काय झालं?"

"काही न्हाई."

"काही न्हाई असं तोंड नसतं वहिनी."

तिने आजूबाजूला पाहिलं. मग बाजारातल्या भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "खाली काहीतरी येतंय वन्सं. कांद्याएवढं. सकाळी आत असतं, सांजच्याला बाहेर. धाकट्याच्या बाळंतपणापासून हाये."

"दादाला सांगितलं?"

"ह्यांना? आन् काय म्हणून सांगू?"

प्रश्न बरोबर होता. त्याच पावसाळ्यात आमच्या म्हशीचं अंग बाहेर आलं होतं. तेव्हा दादा तीन दिवस शेतावर गेला नाही. परतूरहून ढोरांचा डॉक्टर आणला. म्हशीचे मागचे पाय उंचावर राहतील अशी माती भरली, तिला पातळ आंबोण घातलं, उठू दिलं नाही. चावडीवर रोज चौकशी. "पाटील, अंग आत गेलं का?" "गेलं, पण जपावं लागतं. एकदा सैल पडलं की पुन्हा येतं." सगळा गाव या विषयातला तज्ज्ञ होता. अवयव तोच, दुखणंही तेच. पण ते बायकोचं असलं की पुरुषांना खोकला यायचा.

जालन्याच्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. वहिनीला तिकडे नेते म्हटलं असतं तर घरात पन्नास प्रश्न निघाले असते. म्हणून आम्ही राजूरच्या गणपतीला जायचं काढलं. देवाला जायला कारण लागत नाही. खोटंही बोललो नाही, राजूरला गेलोच, फक्त वाटेत आधी जालन्याला उतरलो.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि वहिनीला विचारलं, "घरी नवारीची बाज आहे का? नवार सैल पडली की काय होतं?"

"माणूस जमिनीला टेकतं."

"बाईच्या अंगाखालीही तशीच नवार असते. बाळंतपणात ती ताणते. तिला पुन्हा आवळायला वेळ द्यायचा असतो. तू ती ताणलेली असतानाच वर ओझं ठेवलंस."

मग त्यांनी कसरत दाखवली. उताणं पडायचं, गुडघे वर घ्यायचे, लघवी मध्येच थांबवावी तसं अंग आतून वर ओढून धरायचं, आणि हळू सोडायचं. बाळंत झाल्यावर दुखणं ओसरलं की सुरू करायचं, रोज. आणि दोन महिने हंडा नाही, पेंढी नाही, घमेलं नाही. "या खेपेला एवढं मिळालं तर तू चांगली होशील," त्या म्हणाल्या. "नाही मिळालं तर ते कायमचं बाहेर येईल, मग ऑपरेशन, आणि ते इथे होत नाही."

परतताना मोटारीत वहिनीने हिशेब मांडला. ती अंगठेबहाद्दर होती, पण हिशेबात माझ्या पुढे. "बाळंतपण उन्हाळ्यात येतंय. तवा शेतात काम नसतं. राह्यलं विहिरीचं. ते आपोआपच हाये. सव्वा महिना विटाळ. बाळंतिणीला दोराला हात लावू देत न्हाईत. वरचे थोडे दिवस तुम्ही सांभाळून घ्या."

कॉलेजात मी विटाळाच्या विरुद्ध भाषण करून बक्षीस मिळवलं होतं. त्या मोटारीत मात्र मला विटाळाचा आधार वाटला. गावाने बाईला विश्रांती दिली होती, पण ती घाण आहे म्हणून. तिला त्रास झालाय म्हणून द्यायची वेळ आली असती तर कुणी दिली नसती.

आणि मग आमच्या गावाला आदर्श व्हायची लहर आली.

जिल्ह्याहून आदर्श गावाची स्पर्धा निघाली होती. आमचे सरपंच नात्याने माझे चुलते. काका कर्तबगार माणूस. गावात संडासाचे खड्डे खणून घेतले होते, त्यांत लोक कडबा ठेवत. मुलींच्या शाळेची पाटी लावली होती, आतमध्ये पंचायतीचं खत. काहीतरी नवं हवं होतं. आमच्या गटाच्या साहेबांनी सुचवलं, विटाळ बंद करा, यात खर्च काहीच नाही.

सभा झाली. साहेब म्हणाले, विज्ञानयुगात बाळंतीण अपवित्र कशी? मग मला बोलायला सांगितलं. मी म्हणाले, "विटाळ जायलाच पाहिजे. पण त्याच्या जागी बाळंतिणीच्या विश्रांतीचा नियम आला पाहिजे." पहिल्या वाक्याला एवढ्या टाळ्या पडल्या की दुसरं त्यात बुडालं. टाळ्या वाजवणारे सगळे पुरुष होते. बायका मागे बसल्या होत्या, त्या गप्प होत्या. त्यांना हिशेब येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची आठ दिवसांची ओली बाळंतीण विहिरीवर हंडा भरत होती. काका कठड्याशी उभे राहून मला म्हणाले, "बघ बी.ए.बाई, आपला गाव कसा जल्दी सुधरला."

माझ्या सगळ्या नोकरीत एका रात्रीत अंमलात आलेली सुधारणा मी तेवढीच पाहिली.

वहिनी बाळंत झाली, मुलगी. पहिले बारा दिवस नीट गेले. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, आणि तेराव्या दिवशी आई वहिनीच्या बाजेशी येऊन म्हणाली, "आता उठ पोरी. विटाळ न्हाई म्हणं आता. मंग बसून काय करणार?"

मी आईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकलं. पदराने तोंड पुसलं.

"मला बी हाये," ती म्हणाली.

"काय?"

"त्येच. तुझ्या टायमापासून. कापड बांधते. मेले का मी?"

जन्मापासून मी तिला एका अंगावर रेलून बसताना पाहत आले होते. मला वाटायचं, तिची ती बसायची पद्धत आहे. आईने पुन्हा कामाला हात घातला. तिच्या मते विषय संपला होता. घरात डॉक्टरीणबाईंच्या दोन महिन्यांपेक्षा आईचं कापड जास्त वजनाचं होतं, आणि माझी बी.ए. त्या तराजूत धरलीच नव्हती.

मग वहिनीच्या वाट्याचं पाणी मीच भरलं. ऑफिसात जायचं पातळ नेसून डोक्यावर हंडा. पोरं मागून ओरडायची, "बी.ए. पाणी चाललं." मी पंचायतीत अर्ज दिला: बाळंतिणीला दोन महिने ओझं उचलू देऊ नये आणि गावात तिच्या कसरतीची सोय करावी.

पंचायत बसली. काकांनी सुरुवात केली. "विटाळ बंद करा म्हणून तुम्हीच वरडत होता. केला बंद. आता म्हणता बाळंतीण बसवा. मंग आधी काय वाईट होतं?"

"आधी ती अपवित्र म्हणून बसायची. आता तिचं अंग भरून यावं म्हणून बसवा."

"बसणं एकच ना?"

एक पंच म्हणाले, "आमची आई बांधावर बाळंत झाली आन् सांजच्याला तिनं भाकरी थापल्या." लगेच दुसऱ्याची आईही बांधावर बाळंत झाली, आणि तिसऱ्याचीही. त्या हिशेबाने आमच्या शिवारात ज्वारीपेक्षा पोरं जास्त निघायला हवी होती.

"कसरत म्हंजे बायकांची तालीम काढायची का?" कुणीतरी विचारलं. "मंग लंगोट बी द्या सरकारकडून." हशा झाला. त्यातल्याच एकाने आवाज खाली करून, पण मला ऐकू जाईल असं म्हटलं, "सोताचं लगीन न्हाई, आन् बाळंतपणाचा कायदा करून राह्यल्यात."

"तहसीलदारानं कधी औत धरलं न्हाई," मी म्हणाले, "पण सारा तुम्ही त्यालाच भरता."

पंचांत एक मारवाडी शेठ होते. तीन पिढ्या गावात दुकान, बोलणं मराठी, रीत तिकडची. ते म्हणाले, "आमच्यात ह्याला जापा म्हणतात. सव्वा महिना बाई खाटेवरून उतरत नाही. सुंठ, डिंक, तूप, सगळं बराबर. बाई मजबूत राहते. बी.ए.बाई म्हणतात त्यात चूक काय?"

"शेठ, तुमच्याकडं पाणी भरायला गडी हाये."

"ते बी खरं," शेठ म्हणाले, आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांना दुकानात गिऱ्हाईक आल्याची आठवण झाली.

शेवटी ग्रामसेवकाची अडचण निघाली. ठरावात 'अंग' हा शब्द लिहिता येणार नाही, कागद जिल्ह्याला जातो. त्याने 'कमजोरी' लिहिलं. कमजोरी म्हटल्यावर एक पंच म्हणाले, कमजोरी तर मलाही आहे. ठराव विचाराधीन राहिला.

उलट काकांनी दुसरंच ठरवलं. तपासणी समिती येणार होती. तिच्यासमोर बाळंतिणीने भर विहिरीवरून हंडा उचलायचा, चावडीपर्यंत आणायचा आणि पाहुण्यांना तिच्या हातचं पाणी द्यायचं. आणि ती बाळंतीण आमच्याच घरची. पहिल्या बी.ए.चं घर, म्हणजे सुधारणेचं घर.

दादा खूश होता. त्याच्या मते हा मान होता. आईने नवं लुगडं काढून दिलं. मी वहिनीला म्हणाले, "तू जाऊ नको."

"न्हाई गेले तर तुमची नोकरी? साहेब त्यात हायेत."

"नोकरीचं मी बघते."

"तुम्ही समदंच बघता," ती म्हणाली आणि लुगडं नेसायला गेली. मला तिचा अंदाज लागला नाही.

उन्हं चढली तेव्हा जीप आली. समितीचे तिघे, पांढरे स्वच्छ, आणि आमचे साहेब. खताचा खड्डा पाहिला, पोरांचं गाणं ऐकलं, आणि विहिरीवर आले. गाव गोळा झालं होतं. काकांनी हंडा आधीच भरवून ठेवला होता, वेळ जाऊ नये म्हणून. वहिनीने तो फक्त उचलायचा होता.

वहिनी हंड्याजवळ उभी राहिली. पदर कपाळापर्यंत.

"हं, उचल पोरी," काका म्हणाले.

"म्या न्हाई उचलणार."

काका समितीकडे वळून हसले. "लाजून राह्यली."

"लाजून न्हाई मामंजी," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण विहिरीवर एवढी शांतता होती की शेवटच्या माणसाला ऐकू गेलं. "माझं अंग बाहेर येतंय."

समितीतल्या एकाने लगेच विहीर किती खोल आहे असं विचारलं. दुसरे पिंपळाकडे बघू लागले. आमच्या साहेबांना खोकला झाला. तिसरे वयस्कर होते, ते मला म्हणाले, "काय म्हणतात या बाई?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, आणि पुस्तकी शब्द एकही वापरला नाही. नवार सांगितली, हंडा सांगितला, कसरत आणि दोन महिने सांगितले. शेवटी हेही सांगितलं की याच गावातल्या पुरुषांनी एका म्हशीला याच दुखण्यात तीन दिवस उठू दिलं नव्हतं. पाहुणे उन्हात, पाणी हंड्यात.

मग आई पुढे आली. तिला हे सहन होत नव्हतं, पण माझ्या भाषणामुळे नव्हे, तर पाहुणे तहानलेले उभे होते म्हणून. "सरा, मी आणते," असं म्हणून ती वाकली.

वहिनीने हंड्याच्या तोंडावर हात ठेवला. "आत्याबाई, तुम्ही बी उचलू नका. तुम्हाला बी हाये."

आई वाकलेली तशीच राहिली. आता कुणाला कुठेच बघता येत नव्हतं. दादा पुरुषांत उभा होता, फेटा बांधून. त्याने आईकडे पाहिलं. मला वाटतं, पहिल्यांदाच पाहिलं. मग तो गर्दीतून आला, हंडा उचलून खांद्यावर घेतला आणि कुणाच्याही तोंडाकडे न बघता म्हणाला, "चला. पाणी तापून राह्यलं."

आमच्याकडे गडी माणूस बैलांना पाणी पाजतो, मोट हाकतो, पण घरचा हंडा खांद्यावर घेऊन भर गावातून चालत नाही. मागून एक जण म्हणाला, "पाटील, झंपर बी घाला."

दादा न थांबता म्हणाला, "तुझं शिवून झालं की माप दे."

चावडीवर वहिनीला बाजेवर बसवलं. तिने तांब्याने पाणी दिलं, समिती तिच्या हातचं पाणी प्याली. नियमाप्रमाणे विटाळ गेला होता, आणि हंडा ज्याच्या अंगाला झेपत होता त्याने आणला होता. एवढं सोपं होतं. त्यासाठी दोन बायकांना आपलं अंग भर गावात काढून दाखवावं लागलं.

गावाला बक्षीस मिळालं, रेडिओ. कारण ऐकून मी खाली बसले. पाणवठ्यावर पुरुषांचा सहभाग या बाबतीत दुसऱ्या कुठल्याच गावाने काही दाखवलं नव्हतं, आमच्या गावाने प्रत्यक्ष दाखवलं, असं समितीचं म्हणणं. काकांनी सत्कारात सांगितलं की ही योजना त्यांच्या डोक्यात फार दिवसांपासून होती. बक्षीस टिकवायचं तर योजना टिकवणं भाग होतं. त्यामुळे आठवड्यात ठराव पास झाला: बाळंतिणीच्या घरचं पाणी सव्वा महिना घरच्या पुरुषाने भरावं. मी दोन महिन्यांसाठी भांडले. काका म्हणाले, देवानं बी सव्वाच महिना दिलाय, सरपंचानं जास्त कसा द्यावा. मी सव्वा घेतला. उरलेल्या दिवसांची भांडणं घरोघर सासवांशी केली. त्यांतली निम्मी हरले.

सरकारी बांधबंदिस्तीच्या कामावर बाळंतिणीच्या डोक्यावर घमेलं देऊ नये, असंही मी वरच्यांना लिहिलं. समाजशिक्षणवाले म्हणाले हा आरोग्याचा विषय, आरोग्यवाले म्हणाले कामाचा, आणि कामवाल्यांनी कळवलं की मातीचं वजन सगळ्यांना सारखंच. त्यावर मी पुन्हा लिहिलं. पुन्हा लिहिण्याचा पगार मला मिळतच होता.

वहिनीचे दोन महिने दादाने पूर्ण केले. तोंड वाकडं करून, पण केले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, नवार आवळली. आईला मात्र उशीर झाला होता. तिला वर्षभर विनवण्या कराव्या लागल्या. आली तेव्हा बाईंनी तिला आतून आधार देणारं रबराचं कडं बसवून दिलं. परतताना मोटारीत ती दोन्ही मांड्यांवर सरळ बसली होती. वाटूर आलं. मग म्हणाली, "एवढंच होतं व्हय."

कसरतीच्या वर्गाला पंचायतीने शेवटपर्यंत जागा दिली नाही. तेव्हा वहिनीनेच डोकं लढवलं. तिला कळलं होतं की पडून करतात ते बसूनही जमतं, आणि वरून काही दिसत नाही. माझा शिवणवर्ग होताच. ती बायकांत बसून टाके घालता घालता हळूच म्हणायची, "धरा." मग थोड्या वेळाने, "सोडा." सुया थांबायच्या, पुन्हा चालायच्या.

एकदा साहेब न कळवता वर्ग बघायला आले. दारात उभे राहिले. आत सगळ्या बायका ताठ बसलेल्या, नजर समोर, श्वास रोखलेला, सुई हवेत. साहेब फार प्रसन्न झाले. "काय एकाग्रता आहे," मला म्हणाले. "एवढी शिस्त मी मुलांच्या शाळेतही पाहिली नाही. काय शिकवताय सध्या?"

मी उत्तर द्यायच्या आधी वहिनी पदर सावरून म्हणाली, "काजं करून राह्यलो साहेब. नाजूक काम हाये, ध्यान द्यावं लागतं."

साहेब मान डोलावत उभेच राहिले. बायकांची तोंडं लाल व्हायला लागली, कोपऱ्यातल्या एकीच्या कपाळावर घाम आला. शेवटी वहिनीने त्यांच्यासमोरच सांगितलं, "सोडा गं आता. साहेबांचं बघून झालं."